चारशे सात नाना

आमच्या सोसायटीतल्या नानांना भिंगाशिवाय भूक लागत नाही. दुकानात पुडा हातात आला की ते तो आधी पालथा घालतात. पुढची गाय, हिरवं कुरण, हसरं बाळ यांच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवरून भिंग फिरतं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा पुकारा होतो, "सापडला! चारशे सात!"

अन्नात मिसळायच्या पदार्थांच्या यादीतला चारशे सात नंबर म्हणजे कॅराजीनन, लाल समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. दुधातल्या प्रथिनांना धरून तो अशी काही नाजूक जाळी विणतो की बाटलीतल्या चॉकलेट-दुधाचा कोको तळाशी बसत नाही. या शेवाळाची शेती तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बांबूच्या तराफ्यांवर होते. नानांना ही माहिती नको असते. "आतडी सोलवटतात, प्राण्यांवर सिद्ध झालंय!" एवढ्यावर त्यांचं भागतं.

प्राण्यांचं खोटं नाही. पण त्यांची आतडी बिघडवली ती पॉलिजीननने, म्हणजे हेच कॅराजीनन आम्लात तापवून तुकडे केलेलं. ते खाण्यात घालत नाहीत. खाण्याच्या प्रकारालाही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये जुनीच मर्यादा ठेवली : शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ७५ मिलिग्रॅम. तीही तात्पुरती, आणखी अभ्यास मागवून. थोडक्यात, नाना निम्मे बरोबर आहेत, आणि म्हणूनच आवरत नाहीत. साफ चुकले असते तर केव्हाच गप्प बसवलं असतं.

परवा दुपारी त्यांच्याकडे गेलो. काकूंनी चायना ग्रासचे तंतू भिजवून, उकळून, दुधात गाळून केशरी वड्या पाडल्या होत्या. लाइट गेलेले, फ्रिज बंद, बाहेर एप्रिल. वड्या मात्र ताठ. एकदा थिजलं की चायना ग्रास पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही.

"बघ, घरचं! केमिकलचं नाव नाही," तिसरी वडी तोंडात टाकत नाना म्हणाले.

"नाना, चायना ग्राससुद्धा लाल शेवाळाचंच. त्यालाही नंबर आहे."

नानांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला. पण काकूंनी पाकीट केव्हाच कचऱ्यात टाकलं होतं.

"कितवा?"

"चारशे सहा."

नानांनी क्षणभर हिशेब केला. "सात नाही ना?" म्हणाले, आणि चौथी उचलली.