नळीच्या वाटेनं कुकर

माझा मेव्हणा इंजिनिअर आहे आणि आल्या वाटेनं परत जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गेला तरी येताना वेगळ्या गल्लीनं येतो, म्हणून त्याच्या घरची कोथिंबीर नेहमी कोमेजलेली. तेव्हा हरिश्चंद्रगडाला जायचं ठरल्यावर ‘पाचनईहून चढू, पाचनईला उतरू’ ही माझी सूचना त्यानं पुरती ऐकूनही घेतली नाही. वास्तविक पाचनई ही देवानं माझ्यासारख्यांसाठीच काढलेली वाट. गाडी पायथ्यापर्यंत जाते, दोन-तीन तासांत माणूस देवळापाशी पोचतो, आणि वाटेत लिंबूसरबत मिळतं.

“भाऊजी, तो ट्रेक नाही. ती शतपावली.”

कळसूबाई हरिश्चंद्रगडाहून उंच, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण तिथे लोखंडी शिड्या बसवल्यात, म्हणून तीही बाद. शेवटी ठरलं ते असं : कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेनं चढायचं, थेट कोकणकड्याशेजारी डोकं बाहेर काढायचं, वर मुक्काम, सकाळी तारामती शिखर, आणि मग साधले घाटानं उतरून पुन्हा बेलपाडा. “म्हणजे गाडी जिथे लावली तिथेच आपण परत,” मेव्हणा म्हणाला. मी म्हटलं, पाचनईहून चढून पाचनईला उतरलं तरी गाडी जिथे लावली तिथेच असते. यावर उत्तर आलं नाही. एक्सेल शीट आली.

शीटमध्ये पाणी, दोर, औषधं, जबाबदारी असे रकाने होते. माझ्या नावापुढे ‘जबाबदारी : मनोबल’ असं होतं. खाली एका ओळीत ‘इंद्रवज्र : सायं. ५.१० ते ५.२५’. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला कोकणकड्यावरून पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, तेच हे. त्याला समोर दरीत धुकं लागतं आणि सूर्य पाठीशी. मी नम्रपणे विचारलं की कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, संध्याकाळी सूर्य पाठीशी कसा येणार? मेव्हण्यानं फार विचार करून ‘सायं.’ खोडलं आणि ‘सकाळी’ केलं. आकडे तेच ठेवले. जानेवारी महिना होता.

आता मुख्य विषय. जेवण काय, यावरून दोन तट पडले. मेव्हण्याच्या ऑफिसातली दोन पोरं बरोबर येणार होती, ती मॅगीवाली. मी भाकरी बांधून न्यावी अशा जुन्या मताचा. मेव्हण्यानं दोघांनाही गप्प करून खिचडी जाहीर केली आणि फळ्यासमोर उभं राहिल्याच्या थाटात सांगितलं : दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. गड १,४०० मीटरच्या वर. म्हणजे वर पाणी ९५ अंशांनाच उकळणार. “डाळ शिजणार नाही, भाऊजी. कुकर लागणार.”

पदार्थविज्ञान बरोबर होतं, हेच तर दुर्दैव. अंधश्रद्धेशी भांडता येतं, उत्कलनबिंदूशी काय भांडणार?

कुकर आमच्या घरचा, पाच लिटरचा, सासूबाईंनी लग्नात दिलेला. बायकोनं भावाला एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मला मात्र दारात थांबवून सांगितलं, “पोचा येऊ देऊ नका.” नळीच्या वाटेवर माणसं पडतात हे तिला माहीत होतं. तरी पोच्याचं सांगितलं.

शुक्रवारी रात्री कल्याण, मुरबाड, टोकावडे करत निघालो. फोन बंद ठेवायचे, बॅटरी वाचवायची, अशी शीटची आज्ञा. पहाटे बेलपाड्यात उतरलो तेव्हा समोर काळोखाहून काळं असं काहीतरी आभाळापर्यंत गेलेलं होतं. तोच कडा. मी लगेच चहा मागितला.

वाट दाखवायला गावातले एक मामा आले. अंगानं काटक, पायात प्लॅस्टिकच्या चपला, खांद्यावर एक कापडी पिशवी. त्यांनी आमच्या सॅका उचलून पाहिल्या, माझीवर हात थबकला. “यात काय हाये?”

“कुकर.”

मामांनी कड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहरातल्या माणसांना प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो हे जाणून चालू लागले.

नळी म्हणजे दोन उभ्या भिंतींमधली घळ, आणि पावसाळ्यात पाण्यानं वरून जे जे ढकललं ते सगळं तिच्यात येऊन बसलेलं. आधी टरबुजाएवढे दगड, मग फ्रिजएवढे, मग वन बीएचके. मधला प्रत्येक दगड हलतो की नाही हे पाय टाकल्यावरच कळतं. अशा वाटेवर पाठीला कुकर असला की माणसाला कान नकोसे होतात. झाकण आत उलटं बसवलं होतं, त्यात तांदूळ-डाळीच्या पुड्या आणि शिट्टी. प्रत्येक उडीला आतून खळ्ळकन आवाज यायचा आणि पुढची पोरं वळून “काका, ठीक?” विचारायची. तासाभरानं त्यांनी विचारणं सोडलं. दांडा सॅकच्या तोंडातून बाहेर आलेला, तो मान वर केली की टाळूला लागायचा. तेव्हा कोकणकड्याचं खालून दिसणारं ते प्रसिद्ध रौद्र रूप मी पाहिलेलं नाही. मला माझ्या बुटांचं रूप तपशीलवार आठवतं.

पहिल्या कातळटप्प्याशी खरी गंमत झाली. हाताला खाचा आहेत, पायालाही आहेत, फक्त माणसाची पाठ रिकामी हवी. मी निम्म्यात पोचलो आणि कुकर वरच्या कपारीत अडकला. वर जाता येईना, खाली पाय सापडेना. मेव्हणा खालून ओरडत होता, “भाऊजी, वजन डावीकडे!” माझं वजन कुठल्याच एका बाजूला जात नाही, ते सर्व दिशांना समान आहे, हे त्याला त्या अवस्थेत समजावणं शक्य नव्हतं. शेवटी मामा वरून सरड्याच्या सहजतेनं खाली आले, सॅक सोडवली, कुकर बाहेर काढला, दांड्यातून दोर ओवला, गाठ मारली आणि वर ओढून घेतला. कातळाला एकदाही टेकला नाही. मग तोच दोर, तीच गाठ, मला. मी तीन वेळा टेकलो.

त्यापुढे प्रत्येक टप्प्याला हाच क्रम राहिला : आधी कुकर, मग मी. माझ्या अंगावर करवंदीचे ओरखडे, गुडघा फुटलेला, पाणी संपत आलेलं. कुकर जसाच्या तसा. मामांनी आमचं सगळं सामान कधी ना कधी हातात घेतलं, पण खांद्यावरची ती कापडी पिशवी कुणाला दिली नाही. तीत काय आहे हे विचारायला माझ्याकडे श्वास नव्हता.

उन्हं कलल्यावर वर निघालो. कोकणकडा आत वळलेला आहे, त्यामुळे पालथं पडून काठावरून डोकं काढलं की खाली कातळ दिसतच नाही, नुसती हवा. ते मी पाहिलं आणि क्षणभर कुकर विसरलो. मागे मात्र तंबूंची वसाहत. शनिवार! कुणी स्पीकर लावलेला, कुणी वाढदिवसाचा केक कापत होतं, आणि दगडाच्या फटीत नूडल्सची पाकिटं कोंबून ठेवलेली. चौदाव्या शतकात याच डोंगरावर चांगदेव राहिले, ‘तत्त्वसार’ लिहिला, देवळात त्यांचे शिलालेख आहेत. ते वाघावर बसून फिरत म्हणतात. त्या रात्री त्यांनी वाघ या लोकांवर सोडला असता तर मी साक्ष दिली नसती.

आणि मग मेव्हण्यानं चूल मांडली, तांदूळ धुतले, झाकण हातात घेतलं, आणि ते फिरवून फिरवून पाहू लागला. बराच वेळ पाहिलं.

“भाऊजी, रिंग?”

रिंग नव्हती. झाकणाची काळी रबरी रिंग, जिच्यावाचून कुकर हे फक्त एक जड पातेलं असतं. शीटमध्ये ‘कुकर : १’ असं होतं. रिंगचा रकाना नव्हता. मेव्हण्यानं रुमाल पिळून झाकणाला गुंडाळून पाहिला, मग शीटकडे पाहिलं, मग त्या पोरांकडे, ज्यांनी गुपचूप मॅगी आणली होती.

तेवढ्यात मामा म्हणाले, “चला बहिणीकडं.”

मामांची बहीण वर पाचनईत दिलेली. थंडीच्या दिवसांत तिची गडावर झोपडी असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. म्हणजे वर जेवण मिळत होतं. गरम. मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो तारे पाहत होता.

झोपडीत मामांनी पिशवी उतरवली. वालाच्या शेंगा, थोडे पापड, आणि नातवाला टोपरं. मावशींनी शेंगा ओच्यात घेतल्या, भावाकडे चुलीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, “लई वाळलास रं दादा.” मामा काही बोलले नाहीत, विस्तवाला हात धरून बसले. दर भाऊबीजेला ते साधल्यानं चढून येतात, असं मागाहून कळलं. “तुम्ही नळीनं आलात म्हून आज तिकडून,” ते म्हणाले. आमच्या त्या लूपचा अर्धा भाग म्हणजे त्यांची बहिणीकडे जायची वाट होती. आम्ही चौघेही जरा वेळ गप्प होतो. मेव्हणासुद्धा.

मग मावशींचं लक्ष कुकरकडे गेलं. “एवढं वझं नळीनं आणलं?” त्यांनी झाकण बाजूला ठेवलं, वर एक परात उपडी घातली, परातीवर अंगणातला दगड ठेवला. खिचडी शिजली. डाळ अगदी मेण. मेव्हणा त्या दगडाकडे इतक्या आदरानं पाहत होता की मला वाटलं तो खाली घेऊन जाणार.

सकाळी तारामती झालं. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच उरलाय, पिंडीभोवतीचं पाणी कंबरभर आणि बर्फगार; पोरं उतरली, मी मनोबल सांभाळत काठावर थांबलो. ५.१०ला कोकणकड्यावर मिट्ट काळोख होता हे सांगायला नको. मेव्हणा तरी जाऊन आला. साधले घाटाचं काय वर्णन करू? ती उतरायची वाट आहे, मी उतरलो.

गाडी जिथे लावली होती तिथेच होती. सावर्ण्याला डांबरी रस्ता लागला तेव्हा मी फोन सुरू केला. बायकोचा मेसेज शनिवारी पहाटेचा. फोटो होता : आमच्या सिंकचा नळ, आणि नळाला अडकवलेली काळी रिंग. खाली लिहिलं होतं, “धुऊन वाळत घातली होती, इथेच राहिली. लागणार होती का?”

त्याखाली रविवारचा दुसरा. “पोचा?”