शाळा दत्तक घेऊ पाहणाऱ्या शेठजींना

मा. शेठजी,


भूम तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा आपण दत्तक घेणार, असं कानावर आलं. आनंद झाला. तिचा बाप हयात आहे, मंत्रालयात असतो. घरखर्चाचं तेवढं विसरतो.

18 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय आपण वाचला असेलच. ग्रामीण शाळेला 50 लाखांच्या वस्तू-सेवा दिल्या की 5 वर्षं, एक कोटीच्या दिल्या की 10 वर्षं आपलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. मोठ्या महापालिकांत हाच दर दोन-तीन कोटी आहे, म्हणजे आमच्याकडे कीर्ती स्वस्त. रोख मात्र चालत नाही. वस्तूच हव्यात तर भूमचा खवा चालेल का? गावानेच वर्गणी काढून शाळेचं नाव राखलं असतं!

पण घाई करा. त्या निर्णयानंतर बरोबर तीन दिवसांनी, 21 सप्टेंबरला, शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले. आपण पाटी लावायची आणि पोरांनी बसने दुसऱ्या गावी जायचं, असं व्हायला नको. सरकारी निर्णय किती टिकतात म्हणाल, तर पहिलीपासून हिंदीचा 16 एप्रिल 2025 चा निर्णय 29 जूनला मागे घेतला. आपला करार पाच-दहा वर्षांचा असेल, म्हणून आठवण दिली.

आता पटाचं. दिवाळीच्या आगेमागे इथली जोडपी ऊसतोडीला निघतात. घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसेल, तर लेकरूही ट्रॅक्टरवर चढतं. नाव हजेरीपटावर, लेकरू कारखान्याच्या कोपीवर. मग साहेब पट मोजतात आणि पालकांना शाळेची गोडी नाही असं ठरवतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी सुरू व्हायला हवी.

तेव्हा विनंती एकच. पाटीचं राहू द्या. ऑक्टोबर ते एप्रिल या मुलांचं दोन वेळचं जेवण आणि रात्री सोबत राहणाऱ्या एका बाईचा पगार, एवढं उचला. ऊसतोडीची यंदाची उचल मुकादमाने वाटायच्या आत कळवा.

आपला,
एक पालक (जन्मदाता)