मु. पो. आरव्ही

उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा, जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ हमखास भेटतात. डोक्याला कुठल्यातरी नॅशनल पार्कची टोपी, कमरेला मोजपट्टी, आणि ताटात मसालेभात पडायच्या आत आपल्या नाकासमोर धरलेला मोबाइल. फोटो नायगाराचा असेल म्हणून आपण कौतुकाचा चेहरा तयार ठेवावा, तर तो निघतो वाहनतळाचा. लांबच लांब डांबर, दिव्याचा एक खांब आणि खांबाखाली एक पांढरी गाडी. "ही बघा जागा," ते सांगतात. "अख्खी रात्र. एक पैसा घेतला नाही कुणी."

यांना आपण आप्पा म्हणू, आणि यांच्या मंडळींना काकू. गावोगावचे आप्पा वेगळे, पण घडण एकच. पुण्याच्या नाहीतर सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघाले, डेट्रॉइटला मोटारींच्या धंद्यात रुजले, मुलांची लग्नं झाली, घराचं कर्ज फिटलं. निवृत्त झाल्यावर चारचौघे गीतेचे वर्ग लावतात. आप्पांनी आरव्ही घेतली. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असतो ना, जिला क्लास सी म्हणतात, ती. आत गॅसची शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, संडास, आणि सिंकच्या वरच्या फळीवर काकूंचं देवघर. वळणावर बाळकृष्ण घरंगळतो म्हणून देवांच्या खाली रबरी जाळी अंथरलेली. सांगाडा फोर्डचा, ई-४५०. दुसऱ्या कुणाचा घेतला असता तर पेन्शन गोड लागलं नसतं.

आरव्ही कशासाठी, तर हॉटेलचे पैसे वाचतात म्हणून. हा हिशेब आप्पा कुणालाही, कुठेही, विचारलं नसताना मांडून दाखवतात. गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते आणि टाकी पंचावन्न गॅलनची आहे, हे दोन आकडे त्या हिशेबात कधी येत नाहीत. काकूंचा हिशेब त्याहून आटोपशीर आहे. "या गाडीच्या पैशात आपण मरेपर्यंत हॉटेलात राहिलो असतो," त्या म्हणतात, "आणि रोज चादरी दुसऱ्या कुणीतरी बदलल्या असत्या."

पण आप्पांचा खरा कस लागतो तो सरहद्दीवर.

डेट्रॉइटकरांना कॅनडा म्हणजे नदीपलीकडची आळी. गंमत अशी की उत्तरेकडच्या देशात जायला इथून दक्षिणेकडे जावं लागतं. डेट्रॉइट नदी तिथं अशी वळलीय की पलीकडचं विंडसर खालच्या अंगाला आलंय. १९२९ साली बांधलेल्या अँबॅसेडर पुलावर चढताना आप्पा हे दर वेळी सांगतात, आणि काकू दर वेळी "हो का?" म्हणतात. यालाच संसार म्हणत असावेत.

आदल्या रात्री झडती होते, ती आप्पांनी आप्पांचीच घेतलेली. जळाऊ लाकूड उतरवलं जातं. ते सरहद्दीपलीकडे न्यायचं नाही, कारण लाकडातून किडे जातात. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ साली याच डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा सापडला आणि त्यानं पुढे ॲशची झाडं कोट्यवधींनी मारली. आप्पांच्या परसातलंही एक गेलं, त्यामुळे या नियमाबद्दल त्यांना वैयक्तिक जिव्हाळा आहे. मग फवारे. अस्वलाला पळवायचा तिखट फवारा कॅनडात चालतो, डब्यावर तसं छापलेलं असलं म्हणजे झालं. माणसावर मारायचा तोच तिखट फवारा मात्र निषिद्ध हत्यारांत मोडतो. हे कळल्यापासून आप्पांचं कॅनडाविषयीचं मत फार चांगलं झालंय. ज्या देशात अस्वल हा मुख्य गुन्हेगार धरला जातो, तिथं निवांत झोप लागणार, असा त्यांचा तर्क.

एवढी तयारी करून हा सज्जन माणूस खिडकीपाशी पोचतो आणि गडबडतो. आयुष्यात सिग्नल मोडला नाही, कर एक दिवस उशिरा भरला नाही, पण गणवेश दिसला की आप्पांना आपण काहीतरी केलेलं असणार असं वाटायला लागतं. मग विचारलं त्याच्या तिप्पट सांगणं आलंच.

"कुठं राहता?" अधिकारी विचारतो. उत्तर एका गावाचं नाव आहे. आप्पा आधी मिशिगन सांगतात, मग मूळचे कुठले ते, मग उन्हाळ्यात तसे या गाडीतच असतो हे. बंदूक? "नाही, आम्ही शाकाहारी." दारू, तंबाखू? "सुपारीसुद्धा नाही." इथं काकूंचा कोपर लागतो, पण उशिरा. भेटवस्तू? मिसिसागाच्या भाचीसाठी डबाभर चकल्या आणि अनारसे. भेटवस्तू कॅनडाच्या साठ डॉलरपर्यंत विनाशुल्क नेता येते, म्हणून तो साधंच विचारतो, किंमत किती? झालं. भाजणीचं पीठ, तेल, गॅस इथपर्यंत आप्पा बिनचूक येतात. मजुरी कशी धरायची ते त्यांना कळत नाही आणि ते काकूंकडे वळून मराठीत विचारतात, "तुझा तासाचा दर काय लावू?" काकूंनी काय लावायला सांगितलं ते छापण्यासारखं नाही.

एवढं बोलल्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगतात. अधिकारी आत चढतो. बुटांसकट. कपाटं उघडतो, फ्रिज उघडतो, माळ्यावर बॅटरी मारतो, पलंगाखाली वाकतो. आप्पा त्याच्या मागे मागे प्रत्येक बरणीचं नाव सांगत फिरतात: मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ. काकूंचं लक्ष मात्र बुटांवर खिळलेलं असतं. बूट सिंकपाशी येतात, देवघराखाली थांबतात, वळतात. तो बिचारा बाळकृष्णाकडे बघून मान किंचित लववतो आणि "छान प्रवास करा" म्हणून उतरतो. दार लागतं न लागतं तोच काकू फडकं ओलं करतात. पहिले दोन-तीन किलोमीटर आप्पांना मागून फरशी पुसल्याचा आवाज ऐकू येत असतो.

किलोमीटर! कॅनडात शिरताच वेगाच्या पाटीवर १०० दिसतो आणि आप्पांचा चेहरा उजळतो. इतकी वर्षं मैल, गॅलन, फॅरनहाइट सोसून ते शाळेतल्या मापांत परत आलेले असतात. पेट्रोलपंपावर भाव लिटरचा आहे हे ध्यानात येईपर्यंत तर सगळं स्वस्तच वाटतं.

खरी आप्पा-विद्या संध्याकाळी पाचनंतर सुरू होते. आज मुक्काम कुठे?

जाणती माणसं आधी आरक्षण करतात. ऑन्टॅरिओच्या सरकारी उद्यानांतल्या जागा पाच महिने आधी सकाळी सात वाजता खुल्या होतात, आणि अल्गॉन्क्विनच्या तळ्याकाठच्या जागांची तऱ्हा गणपतीतल्या कोकणच्या गाड्यांसारखी: पडदा उघडला तेव्हाच संपलेल्या. आप्पांनी दोन लॅपटॉप आणि सुनेचा फोन लावून तोही प्रयोग केलाय. पण पैसे भरून मिळालेल्या जागेत त्यांना चव नाही. वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडून देणाऱ्या खासगी तळावर ते मधूनमधून नाइलाजाने जातात, ते टाक्या रिकाम्या करायला. तो विधी अंमळ सविस्तर सांगायला हवा.

गाडीखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. संडासाची ती काळी, मोरीची ती करडी. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपसूक धुतली जाते. इंजिनिअर म्हणून आप्पांना ही योजना मनापासून आवडते. घरचे संस्कार वेगळं सांगतात. या कामाचा त्यांचा सदरा वेगळा, हातमोजे वेगळे, चपला वेगळ्या. पिण्याच्या पाण्याची नळी त्या वेळी गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, सोवळ्यात. सगळं आटपलं की आप्पा आत येऊन डोक्यावरून आंघोळ करतात, आणि नुकतीच रिकामी केलेली करडी टाकी पुन्हा भरायला लागते.

पण त्यांचं काळीज वॉलमार्टच्या आवारात आहे. तिथं आरव्हीला रात्रभर थांबू द्यायची जुनी चाल आहे. मात्र सगळीकडे नाही. काही गावांचे कायदे आडवे येतात, काही दुकानांचा नकार असतो, म्हणून आत जाऊन मॅनेजरला विचारायचं. आप्पा टोपी काढून विचारतात. होकार मिळाला की काहीतरी विकत घेतात, फुकट राहिलो असं व्हायला नको. सहसा केळी. त्या केळ्यांची पावती हे त्यांच्या लेखी भाडं. मग आवाराच्या लांबच्या कोपऱ्यात गाडी. खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत, छत पसरायचं नाही, शेगडी बाहेर मांडायची नाही. हे राहणं आहे, बिऱ्हाड नव्हे.

गाडी समतल करणं हा पुढचा अंक. काकू मागे उभ्या राहून हात हलवतात, आप्पा चाकाखाली ठोकळे सरकवतात. जुन्या पद्धतीचा फ्रिज कलला तर नीट चालत नाही, म्हणून त्यांच्याकडे पाणसळ आहे. काकूंना त्या पाणसळीचा भरवसा नाही. त्या तव्यावर धिरडं घालतात. धिरडं एका अंगाला जाड झालं की आप्पा मुकाट्याने उतरून आणखी एक ठोकळा घालतात.

रात्री शेजारी शीतगृहाचा ट्रक येऊन उभा राहतो आणि त्याचं यंत्र पहाटेपर्यंत घरघरतं. तीनच्या सुमाराला आवार झाडणारी गाडी दिवे फिरवत येते. दिव्याचा खांब पडद्यातून थेट उशीवर. सकाळी आप्पा आळस देत म्हणतात, "काय शांत झोप लागली!" काकू चहा ओततात आणि कपाकडे बघत राहतात.

त्यातल्या त्यात काकूंना द्राक्षाचे मळे पसंत. हार्वेस्ट होस्ट्स नावाची एक सभासदत्वाची योजना आहे. वर्गणी भरली की मळेवाले, शेतकरी आपल्या अंगणात एक रात्र गाडी लावू देतात, अपेक्षा इतकीच की त्यांच्याकडचं काहीतरी विकत घ्यावं. नायगारालगतच्या पट्ट्यात हे काहीतरी म्हणजे वाइन. आप्पा थेंबाला शिवत नाहीत, पण यजमानाचा अवमान कसा करायचा? प्रत्येक मुक्कामाला एक बाटली. अशा रीतीने पंढरीची माळ घातलेला हा गृहस्थ मुलुखातल्या उत्तमोत्तम वाइन घेऊन परतीच्या सरहद्दीकडे निघतो. अमेरिकेत विनाशुल्क माणशी एक लिटर. आप्पा रांगेत बाटल्यांचे मिलिलिटर जुळवत बसतात आणि "मी पीत नाही" हे अधिकाऱ्याला पटेल असं इंग्रजीत कसं म्हणावं, याची उजळणी करतात.

आणि आंबा! टोरांटोकडे हापूसची पेटी सहज मिळते. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा बंद ठेवला होता. २००७ मध्ये दार उघडलं ते फळाला किरणोत्सर्गाचा मारा देऊन आणण्याच्या अटीवर, आणि पहिले आंबे त्यासाठी लासलगावला नेले गेले, मूळ कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. हापूसच्या नशिबी कांद्याच्या दारात उभं राहणं आलं, हे रत्नागिरीच्या लोकांनी कसं पचवलं कोण जाणे. मुद्दा हा, की कॅनडात घेतलेला आंबा अमेरिकेत नेता येत नाही. कॅनडात विकला म्हणून तो काही कॅनडात पिकत नाही. तेव्हा परतताना सरहद्दीच्या अलीकडे, सार्नियात कुठंतरी गाडी लावून, आप्पा आणि काकू उरलेली पेटी संपवतात. पेपर अंथरून, बाह्या सरसावून, एकमेकांशी न बोलता. तिकडे जगप्रसिद्ध धबधबा होता. चेहऱ्यावर असं समाधान तिथं दिसलं नव्हतं.

कढीपत्त्याचंही तेच. त्याच्या पानांवरून येणारी एक बारीक कीड लिंबूवर्गीय झाडांना रोग लावते आणि त्या रोगाने फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्यात, म्हणून ताजी पानं आणायला बंदी. भाचीने प्रेमाने दिलेली जुडी काकू टाकून देत नाहीत. सरहद्दीआधीच्या शेवटच्या जेवणात आमटी, भाजी, कोशिंबीर, ताक, सगळ्यांना फोडणी.

सध्या आप्पांच्या डोक्यात अलास्काने घर केलंय. कॅनडा ओलांडून पुन्हा अमेरिकेत, आणि तेच परत येताना, म्हणजे "काही जाहीर करायचंय का?" हा प्रश्न चारदा. १९४९ पासून निघणारं 'द माइलपोस्ट' हे मार्गदर्शक पुस्तक त्यांनी तीन रंगांत अधोरेखित केलंय. १९४२ मध्ये लष्कराने अलास्का हायवे बांधताना युकॉनमधल्या वॉटसन लेकला कार्ल लिंडली नावाच्या एका सैनिकाने घरच्या आठवणीने आपल्या गावाची पाटी ठोकली. त्याचं बघून येणाऱ्याजाणाऱ्यांनी ठोकलेल्या पाट्यांचं आता तिथं रान झालंय. आप्पांनीही पाटी करून घेतलीय, लाकडाची नको, ॲल्युमिनियमची, किड्यांचा प्रश्नच नको. त्यावर त्यांच्या गावाचं नाव, खाली तालुका, जिल्हा.

"आणि माझं गाव?" काकूंनी विचारलं.

आप्पा म्हणाले, मागच्या बाजूला घालू. काकू म्हणाल्या, पाटी खांबाला ठोकल्यावर मागची बाजू वाचणार कोण, अस्वल? तेव्हापासून घरात पाटी हा विषय बंद आहे. तारीख ठरलेली नाही, पाटी दुसरी करायची की तीच पुसायची तेही ठरलेलं नाही. वॉटसन लेकला रात्री गाडी कुठे लावायची, ते मात्र आप्पांनी फोन करून विचारून ठेवलंय.