बचत हवी? मग आधी उधळपट्टी करा!

गाड्यांचे व्हेरिएंट ठरवणारे समस्त साहेब यांस,


शोरूममध्ये पाऊल टाकताच आम्ही 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारतो, म्हणून आपण आम्हाला मनातल्या मनात चिक्कू म्हणत असाल. खुशाल म्हणा. चिक्कू माणसाकडून खर्च करून घेण्याची जी नामी युक्ती आपण काढलीत, तिला दाद द्यायलाच हे पत्र.

मे २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आली. लिटरला २६.५ किलोमीटर! तोंडाला पाणी सुटलं. पण मिळणार फक्त झेडएक्स या सर्वांत वरच्या व्हेरिएंटमध्ये, साडेएकोणीस लाखांना. पेट्रोलचे चार पैसे वाचवायचे, तर आधी सनरूफ गळ्यात बांधून घ्यायचं!

त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रँड विटारा आली. साधी १०.४५ लाखांपासून, लिटरला २१.११, स्ट्राँग हायब्रिड १७.९९ लाखांपासून, लिटरला २७.९७. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर १३९ लिटर पेट्रोल वाचतं, शंभराच्या भावाने चौदा हजार रुपये. वरचे साडेसात लाख वसूल व्हायला लागतील ५४ वर्षं. हरकत नाही, तोवर आरटीओत फेरनोंदणीला खेटे घालू. नफा नातू खाईल. त्या साडेसात लाखांत मोटर, बॅटरी आणि ऑटोमॅटिकही आहे, हे आम्हाला कळतं. पण त्यातले देवाचे किती आणि मखराचे किती, याचा पत्ता लागू न देण्यात आपला हात कोण धरणार? पुढे २०२५ मध्ये डेल्टा प्लस आणून १६.९९ लाखांवर उतरलात, त्याबद्दल आभार. एक पायरी उतरायला अडीच वर्षं म्हणजे फार नव्हे.

आणि काचेच्या छताचं कौतुक किती करावं! मायलेजचा आकडा निघतो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून. आम्ही मात्र मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलला उभे असतो. इंजिन बंद, गाडी चिडीचूप; एसी बॅटरीवर चालू. वरून काच तापते, एसी जोर लावतो, बॅटरीचे दांडे एकेक करून उतरतात आणि गाडी जागची हलली नसताना इंजिन सुरू होतं. मोटरने कमावलं ते एसीने गमावलं. छतातून आभाळ तेवढं दिसलं.

डिकीचंही तसंच. सिटीची साधी डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६. बॅटरी मागे बसली, तर ही अडचण खरीच. पण गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाने सामान कुठे ठेवायचं? सनरूफखालच्या सीटवर? बॅगांना आभाळ दिसेल.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला निदान हिशेब तरी दिसतो. तिथे २०२३ च्या प्रियस या हायब्रिडचं साधं एलई मॉडेल सतरा इंची चाकांवर गॅलनला ५७ मैल जातं. वरची एक्सएलई घ्या: इंजिन तेच, पण चाकं एकोणीस इंची आणि सरंजाम जास्त. आकडा उतरतो ५२ वर, म्हणजे लिटरमागे दोन किलोमीटर पाण्यात. ज्याला मिरवायचं त्याने मिरवावं. ज्याला वाचवायचं त्याच्यासाठी स्वस्त मॉडेलच जास्त पळतं. आपल्याकडे उलटी गंगा: काटकसर हीच चैनीच्या पंगतीत सर्वांत वर.

तेव्हा विनंती एवढीच. मोटर ठेवा, बॅटरी ठेवा, सहा एअरबॅग ठेवा. चाकं लहान द्या, छत पत्र्याचं द्या, सीटला पंखे नकोत. उरलेली किंमत कमी करा.

कळावे, लोभ नसला तरी डिस्काउंट असावा.

आपला,
एक ॲव्हरेज गिऱ्हाईक

ता. क. : या मॉडेलला 'बेस' मात्र म्हणू नका. मागे 'अल्ट्रा सिग्नेचर प्लस' असं ठळक लिहा. पेट्रोल आम्ही वाचवू, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये अब्रूही वाचली पाहिजे.