धारेचा बाणा

पनवेलच्या टॉवरांत 67 थरांची जपानी सुरी नांदायला आली, याचे आम्ही हार्दिक स्वागत करतो. धार 15 अंशांची, किंमत पाच आकडी. अट किरकोळ : नारळ, हाडे, फणस आणि सुरमईचे डोके तिच्यापासून दूर ठेवावे. पोलाद फार कडक, टवका उडतो. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा तिने जपानहून आणला आहे.

लोहाराच्या कोयत्याला मात्र बाणाच नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ठोकलेला, महामार्गाचे खड्डे आधीच सोसलेला. पोलाद स्प्रिंगचे, म्हणून वाकेल पण मोडणार नाही. गंजला तर तेलाचे बोट, बोथटला तर दगड. काही शे रुपयांत पिढी काढतो. अशाने बाजार कसा चालायचा?

2016 साली जन्मलेल्या पनवेल महापालिकेने आता सुरीसाठी प्रत्येक सोसायटीत वातानुकूलित दालन सक्तीचे करावे. भाज्यांना प्रवेशबंदी असावी.

टिकाऊपणाबद्दल शंकाच नको. आमच्या परिचयाच्या एका घरी ती सुरी आजही पहिल्या दिवसाइतकीच धारदार आहे. तिचे खोके उघडायला तेवढा कोयता लागला होता.