बेकायदा, पण हात लावायचा नाही

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा छाप असे आणि कुणी जाब विचारलाच तर यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा खुलासा तयार असे, ही आख्यायिका कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. आमचं म्हणणं एवढंच, की नाव चालवलं तर इतमामही द्या. उल्हासनगर हे जर यूएसए असेल, तर तिथल्या प्रत्येक इमारतीला दूतावासाचा दर्जा द्यायला काय हरकत आहे?

तसं पाहिलं तर तो दिलेलाच आहे, फक्त कागद बाकी आहे. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ सांगतं, की दूतावासाच्या आवारात तिथल्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. हे कलम न वाचताच आमच्या पट्ट्यातली अतिक्रमणविरोधी पथकं ते निष्ठेने पाळतात. पथक येतं, स्लॅबला दोन भोकं पाडतं, भोकांचे फोटो काढतं. तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजतो. साहेब बाजूला जाऊन ‘हो भाऊ, हो भाऊ’ करतात आणि जेसीबी उलट्या गिअरमध्ये गल्लीबाहेर निघतो. भोकं आठवड्यात बुजतात, फोटो फायलीत राहतात. कारवाई झाली आणि इमारतही राहिली. व्हिएन्नात याहून वेगळं काय चालतं?

या शास्त्राचा पाया मात्र व्हिएन्नाच्याही आधी हेगमध्ये घातला गेला. जानेवारी १९४९मध्ये पेरूचे विरोधी नेते आया दे ला तोरे लिमामधल्या कोलंबियाच्या दूतावासात शिरले. बाहेर पेरूच्या सैन्याचा पहारा बसला. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९५०मध्ये निकाल आला, की हा आश्रय नियमाला धरून नाही. मग माणूस ताब्यात द्यायचा का? १९५१मध्ये दुसरा निकाल आला: आश्रय संपवायला हवा, पण माणूस सोपवायचं बंधन नाही. मग नेमकं करायचं काय? ते तुमचं तुम्ही बघा. तोरेसाहेब १९५४पर्यंत दूतावासातच राहिले.

बेकायदा, पण हात लावायचा नाही. एवढं सूत्र काढायला हेगच्या विद्वानांना दोन निकाल लागले. उल्हासनगरला एक कायदा पुरला. मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या साडेआठशेहून अधिक बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितलं होतं. इतक्या लोकांना रस्त्यावर आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मतदारांना तर नाहीच नाही. म्हणून राज्य सरकारने २००६मध्ये खास या एका शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. दंड भरा आणि अधिकृत व्हा. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा, हे जवळजवळ स्वतंत्र राष्ट्राचंच लक्षण म्हणायचं.

या व्यवस्थेत अडचण एकच निघाली. गुरुत्वाकर्षणाने व्हिएन्ना करारावर सही केलेली नाही. नव्वदच्या दशकात उलवा या निकृष्ट रेतीत बांधलेल्या इमारतींना ते परवानगी न विचारता भेट देतं. २०२१च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले आणि माणसं गेली. आत राहणारे काही मुत्सद्दी नव्हते. हप्ते भरून, दागिने मोडून घर घेतलेले लोक होते. संरक्षण इमारतीला होतं, बिल्डरला होतं, फोनवरच्या भाऊंना होतं. राहणाऱ्यांना तेवढं कुणी दिलं नव्हतं.

आणि हे शहर वसलं ते खऱ्याखुऱ्या आश्रयासाठी, ही त्यातली गंमत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख माणसांना दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या आणि ऑगस्ट १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. तोरेसाहेब लिमात दडून बसले होते, तेच हे वर्ष. त्यांच्या एकट्यासाठी हेगचं न्यायालय दोनदा बसलं. इथल्या लाखभर निर्वासितांसाठी कुठलंही आंतरराष्ट्रीय न्यायालय बसलं नाही. त्यांना बराक मिळाली, कॅम्पाचा नंबर मिळाला आणि पुढचं त्यांनी पापड लाटून, कापड विकून स्वतः उभं केलं.

आता मराठी माणसाला राजनैतिक संरक्षणाच्या विषयात तज्ज्ञ करून सोडणाऱ्या प्रकरणाकडे येऊ. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली आणि त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली. घरकामाला नेलेल्या बाईंच्या व्हिसाच्या अर्जात तासाला ९.७५ डॉलर लिहिले आणि प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास पगाराचा वेगळा करार केला, असा आरोप होता. झडतीची रीत संतापजनक होती, यात दुमत नाही. देश खवळला. दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे काँक्रीटचे अडथळे उचलले गेले, तिथल्या लोकांचे विमानतळाचे पास काढून घेतले गेले, त्यांची परदेशी दारूसुद्धा अडवली गेली. इथे मुंबईत काही शूरांनी एक पिझ्झाचं दुकान फोडलं. पिझ्झा इटलीचा आहे, हे त्यांना आंदोलनाच्या धांदलीत कोण सांगणार?

वाणिज्य दूताला संरक्षण फक्त सरकारी कामापुरतं असतं, असं १९६३चा दुसरा व्हिएन्ना करार म्हणतो. घरी पोळ्या कोण लाटतं, हे सरकारी काम नव्हे. मग तोडगा काय? बदली. देवयानीताईंना संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय कार्यालयात नेमलं गेलं. ८ जानेवारी २०१४ला पूर्ण संरक्षण मिळालं, ९ तारखेला आरोप ठेवले गेले आणि त्याच दिवशी त्यांचं विमान भारताकडे निघालं. १२ मार्चला तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं, की आरोप ठेवले त्या वेळी त्यांना पूर्ण संरक्षण होतं, सबब आरोपपत्र रद्द. १४ मार्चला तेच आरोप पुन्हा दाखल झाले. ही चाल समजायला आमच्या पट्ट्यातल्या माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्याची पदवी लागत नाही. रात्रीत पक्ष बदलला की सकाळी फाईल थंड होते, हे नगरसेवकांच्या कृपेने तो लहानपणापासून पाहत आला आहे.

अटकेच्याच महिन्यात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्याचा चौकशी अहवाल मांडला गेला. अपात्र ठरवलेल्या २५ सभासदांत देवयानीताईंचंही नाव होतं. मंत्रिमंडळाने अहवाल आधी फेटाळला. पुढे २०१६मध्ये उच्च न्यायालयाने ती ३१ मजली इमारत पाडायला सांगितली, तर सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून ती लष्कराच्या ताब्यात दिली. कुलाब्याच्या लोकांना उगाच वाटतं, की आपण उल्हासनगरपेक्षा वेगळे आहोत.

एवढ्या गदारोळात त्या घरकामाच्या बाईंबद्दल मात्र आपण फारसं बोललो नाही. बोललो ते ‘अमेरिकेने फूस लावलेली’ एवढंच. २०११मध्ये जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. मंजुरी मात्र आजतागायत दिलेली नाही. हात वर करायला पैसे पडत नाहीत, पगार द्यायला पडतात.

आंतरराष्ट्रीय कायदा असा पाठीमागे कोण उभं आहे ते बघून चालतो आणि कधी कधी अख्खा देश पाठीमागे असूनही थांबतो. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात वकील हरीश साळवे यांनी एक रुपया घेऊन भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की पाकिस्तानने भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट नाकारून करार मोडला, तेव्हा शिक्षेचा फेरविचार करा. तोवर फाशी थांबली, हे थोडं नव्हे. पण जाधव सुटले नाहीत. हेगच्या न्यायालयाकडे ना हवालदार, ना जेसीबी. आमच्या पालिकांकडे दोन्ही आहेत, तरी निकाल तोच लागतो. मग हेगला तरी का नावं ठेवायची?

अंमल झाला तर काय होतं, हे न्यूयॉर्कनेच दाखवलं. १९९७ ते २००२ या काळात तिथल्या परदेशी मुत्सद्द्यांनी पार्किंगच्या दीड लाखांवर पावत्या न भरता ठेवल्या. २००२मध्ये पावत्या थकवणाऱ्यांच्या खास नंबरप्लेटा काढून घ्यायला सुरुवात झाली आणि नियमभंग ९८ टक्क्यांनी घटले. संस्कार तेच, देश तेच, माणसंही बरीचशी तीच. फक्त प्लेट गेली. आमच्याकडे अंबरनाथ स्टेशनबाहेर नो पार्किंगच्या पाटीखाली उभ्या गाड्यांवर ‘अध्यक्ष’, ‘प्रेस’, ‘पोलीस’ आणि नुसतंच ‘दादा’ अशा पाट्या आहेत. त्या काढायला गेलात तर तो मानहानीचा प्रश्न होईल.

हे सगळं आम्ही आमच्या सोसायटीच्या सभेत सविस्तर सांगितलं. परिणाम झाला. चेअरमनकाका भारावून म्हणाले, “म्हणजे हे सगळं आपल्यालाही लागू करता येतं?” ते म्हणाले तेव्हा त्यांची गाडी अग्निशमनच्या जागेत उभी होती. खजिनदारांनी अनुमोदन दिलं आणि पुढीलप्रमाणे ठराव मंजूर झाला.

कलम २२ प्रमाणे, कमिटी सदस्यांच्या बंद केलेल्या गॅलऱ्यांत पालिकेच्या माणसाने विनापरवानगी येऊ नये. कलम ३१ प्रमाणे, कमिटी सदस्यांवर मेंटेनन्सच्या थकबाकीबद्दल कारवाई होऊ नये. कलम २७ प्रमाणे, राजनैतिक पिशवी उघडता येत नाही, म्हणून कमिटी सदस्यांच्या घरी येणारी खोकी वॉचमनने बघू नयेत. सकाळच्या लोकलने वांगणी-बदलापूरहून कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या मात्र जाताना गेटवर पूर्वीप्रमाणे तपासल्या जातील. त्यांनी लिफ्टही वापरू नये.

कलम ४१ही चर्चेला आलं. संरक्षण असलेल्या प्रत्येकाने यजमान देशाचे कायदे पाळणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. त्यावर बराच वेळ शांतता होती. शेवटी सेक्रेटरींनी डोकी मोजली आणि कलम ४१ कोरमअभावी तहकूब झालं. बाकीची तीन कलमं त्याच डोक्यांनी एकमताने मंजूर केली होती.