हितंच हाय, चढ न्हाई

कोल्हापुरात नवी सायकल घेतलेल्या माणसाला पहिल्या रविवारी पन्हाळ्याला नेतात. शिवाजी पूल, रजपूतवाडी, केर्ली, वाघबीळ आणि वर गेल्यावर झुणका-भाकर. मग कधीतरी ज्योतिबा होतो. त्यानंतर माणूस एक तर सायकल विकतो, नाहीतर गगनबावड्याचं नाव काढतो. आमच्या दाजींनी नाव काढलं.

दाजी मूळचे पुण्याचे. घराबाहेर पडण्याआधी त्यांना रस्त्याच्या चढ-उताराचा आलेख लागतो. तो मोबाइलवर बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे, यात डोंगर कुठं आहे?"

प्रश्न रास्त होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि गगनबावड्याच्या डोक्यावरचा गगनगड सुमारे ७०० मीटरवर. मधलं अंतर ५५ किलोमीटर. दख्खनचं पठार पूर्वेकडं कललेलं असल्यामुळं आपल्या बाजूनं सह्याद्रीवर जाताना सह्याद्री लागतच नाही. तो पलीकडं कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला डोंगरावरचं गाव उधारीवर मिळतं. जाताना कुणी काही मागत नाही, वसुली येताना होते.

दाजींचा बेतही वसुलीचाच होता. गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीला उतरायचं आणि शेजारच्या भुईबावडा घाटानं परत वर यायचं. त्यांना पुढं बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकलफेरी करायची होती. त्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवावे लागतात आणि चहाला थांबलं तरी घड्याळ थांबत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हा नियम कुणाला पटणार नाही.

थंडीचे दिवस, फुलेवाडी सोडली तेव्हा अंधारच होता. बालिंग्याच्या पुलावर भोगावतीचं धुकं अंगावर आलं. पुढं कोपार्डे, सांगरूळ फाटा आणि दोन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगामात या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांशी संसार करणं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात आणि उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी रस्ता झाडत निघालेले असतात. ट्रॅक्टरवरचा स्पीकर कारखान्यापर्यंत ऐकू जाईल एवढा असतो. दाजी ओलांडायला निघाले. दुसरी ट्रॉली संपेपर्यंत एक गाणं संपलं, पहिली ट्रॉली संपेपर्यंत दुसरं निम्म्यावर आलं आणि ड्रायव्हरच्या बरोबरीला पोचल्यावर त्यानं आवाज कमी करून विचारलं, "पाव्हणं, पेट्रोल संपलं व्हय?"

कळ्यात चहाला थांबलो. दाजींची सायकल भिंतीला टेकवली आणि हॉटेलातली मंडळी पंचनाम्याला बाहेर आली. एका आजोबांनी सायकलभोवती प्रदक्षिणा घातली.

"स्टँड न्हाई?"

"नाही."

"कॅरेज? मडगार्ड? घंटी?"

"नाही."

"कंपनीनं काय दिलंच न्हाई म्हणा की. कितीला बसली?"

दाजींनी निम्मी किंमत सांगितली. दुकानातून बाहेर पडल्यापासून ते घरीसुद्धा तीच सांगतात.

"एवढ्यात दुभती म्हस आली असती," आजोबा म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. गोकुळ दुधाच्या जिल्ह्यात या युक्तिवादाला उत्तर नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत. म्हशीऐवजी सायकल घेतलेल्या माणसाची त्यांना दया आली असावी.

"गगनबावडा किती लांब?"

"हितंच हाय."

"चढ?"

"न्हाईच की."

टूर द फ्रान्सच्या शर्यतीत चढांच्या प्रती ठरलेल्या असतात. चौथी सगळ्यात सोपी, पहिली अवघड आणि पहिलीच्याही वरचे चढ वर्गवारीबाहेरचे. आमच्याकडंही प्रती आहेत, फक्त त्या ओळखाव्या लागतात. "न्हाईच की" म्हणजे चौथी प्रत, इथं गिअर बदलावा लागतो. "जरासा हाय" म्हटलं की तिसरी, इथं बोलणं बंद होतं. "तसा काय लई न्हाई" म्हणजे दुसरी, इथं उतरून चालावं लागतं. सांगणारा आधी सायकलकडं, मग तुमच्या पोटाकडं बघून "च्या घ्या" म्हणाला, तर पहिली. आणि वर्गवारीबाहेरचा चढ असेल तर तो यष्टीचं टायमिंग सांगतो.

पुढं कुंभी नदी रस्त्याला धरून चालते. पावसाळ्यात ती मांडुकलीजवळ रस्त्यावरच येते आणि 'गगनबावडा मार्ग बंद' ही बातमी दरवर्षी छापून येते. थंडीत मात्र ती अगदी शहाण्यासारखी वागते.

गगनबावडा आला तेव्हा दाजींना पटेना, कारण दम लागलेला नव्हता. तालुक्याचं ठिकाण असूनही गाव एवढंसं आहे. बाजूला गगनगड, त्यावर गगनगिरी महाराजांचा मठ आणि कड्याशी उभं राहिलं की पायाखाली कोकण. इथल्या पावसाला काठावर पडून निर्णय घ्यावा लागतो. अलीकडं पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि मग पार बंगालच्या उपसागरात जातो. हातभर पलीकडं पडलेला विजयदुर्गच्या खाडीतून अरबी समुद्रात. अर्धा हिंदुस्थान पालथा घालणारा थेंब आमच्या बाजूचा, हे मी दाजींना मुद्दाम सांगितलं.

बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. गडावर येणारा मार्ग सोपा असू नये, असा सल्ला त्यात आहे. भुईबावड्याचा घाट ज्यांनी आखला, त्यांनी तो मन लावून वाचला असणार.

करूळ घाट आता राष्ट्रीय महामार्गात मोडतो. २०२४ मध्ये काँक्रीटसाठी तो बंद होता, तेव्हा बरीच वाहतूक बिचाऱ्या भुईबावड्यावर आली होती. उतरताना पाय रिकामे आणि सगळं काम बोटांना. ब्रेक दाबून दाबून दाजींची बोटं अशी वळली, की खाली पोचल्यावर पाण्याची बाटली मला उघडून द्यावी लागली. पाचशेहून जास्त मीटरची उंची त्यांनी पाऊण तासात उधळली होती आणि चेहऱ्यावर विजयी वीराचं हसू होतं.

वैभववाडीत हवा बदलते, ताटात मासा येतो आणि भाषाही बदलते. खाणावळीच्या मालकांनी आमच्याकडं पाहिलं.

"कोल्हापूरसून इलात? सायकलीन?"

"हो. आता भुईबावड्यानं वर जाणार."

"जाव नकात. चढ लय मोठो आसा. रडाक येतला."

घाटावरचा माणूस तुमचा डोंगर कमी करून सांगतो, घाटाखालचा वाढवून. दोघांचाही हेतू चांगलाच असतो. एकाला वाटतं तुम्ही जावं, दुसऱ्याला वाटतं तुम्ही जेवून निजावं. सोलकढीची दुसरी वाटी घेतल्यावर दुसऱ्याचं म्हणणं मला जास्त शास्त्रीय वाटू लागलं. दाजी उठले.

भुईबावडा घाट करूळपेक्षा अरुंद आणि झाडीचा आहे. पहिल्या वळणावर दाजी आलेखाबद्दल बोलत होते. तिसऱ्यावर ते श्वासाबद्दल बोलले. त्यानंतर बोलणं झालं नाही. कठड्यावर माकडं बसली होती. गाड्यांच्या खिडक्यांतून काही मिळायची त्यांना सवय, त्यामुळं एवढा वेळ समोर राहूनही काहीच न देणारे प्रवासी त्यांना नवीन असावेत. एक तर आमच्या वेगानं कठड्यावरून चालत निघालं आणि पुढच्या वळणावर कंटाळून थांबलं. मागून टेंपो आला. "टाका मागं, गाडी रिकामीच हाय," ड्रायव्हर म्हणाला. मी सायकल अर्धी उचललीही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," दाजी म्हणाले. पुण्याच्या माणसाला बहीण देताना घरच्यांनी या गोष्टीचा विचार करायला हवा होता.

ऊन कलताना वर पोचलो. भज्यांच्या गाडीशेजारच्या बाकावर दाजी आडवे झाले. गाडीवाल्या काकांनी घाणा सोडता सोडता विचारलं, "कुठनं आलासा?"

"खालनं. भुईबावड्यानं."

"सकाळी तर हितनंच खाली जाताना बघितलं तुमास्नी. खाली कशाला गेलता?"

दाजी डोळे न उघडता म्हणाले, "वर यायला."

काकांनी झारा थांबवला. "मग वरच हुतासा की!"